आधी जागेचा नकाशा, मग घराचा: विदर्भातल्या गावात बांधकामाची आखणी आणि परवानगी

गावात घर बांधायचं ठरलं की बोलणं खोल्यांपासून सुरू होतं. हॉल किती फुटांचा, देवघर कुठं, जिना बाहेरून की आतून. रस्त्यापासूनचं अंतर, डोक्यावरची विजेची तार, पावसाळ्यात भरणारा नाला हे सगळं पाया खोदल्यावर आठवतं. नकाशा तपासणारा मात्र नेमका दुसऱ्या टोकाकडून येतो. तो आधी हद्द बघतो, मग रस्ता, मग सोडलेली मोकळी जागा आणि सगळ्यात शेवटी घर. म्हणून कागदावर पहिल्यांदा बांधता येत नाही ती जागा काढा आणि उरलेल्या जागेत घर बसवा. एवढा एक क्रम पाळला तरी नकाशा परत येण्याची बहुतेक कारणं संपतात.

हे नियम आता बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी आहेत. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे अभियंते ज्याला यूडीसीपीआर म्हणतात ती, डिसेंबर २०२० पासून लागू आहे. मुंबई, औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आणि आणखी काही वगळलेली क्षेत्रं सोडली तर ती शहरालाही लागू आहे आणि गावालाही. तिच्या पाठीशी तीन कायदे आहेत: महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ आणि ग्रामपंचायत अधिनियम. नियमावलीत वेळोवेळी दुरुस्त्या होतात. त्यामुळे नकाशा काढणाऱ्याकडे आजची प्रत आहे का, हे विचारून घ्या.

जमीन कुठल्या खात्यात बसते

गावातली जागा साधारण तीन प्रकारची असते: गावठाण, लेआऊटमधला प्लॉट किंवा वावर. तिन्हींचे कागद वेगळे आणि परवानगीची वाटही वेगळी.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. लोक ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. तो कर आकारणीचा उतारा आहे. घर कोणाच्या नावावर आकारलं जातं एवढंच त्यातून कळतं, मालकी सिद्ध होत नाही. पटवाऱ्याकडचा ८-अ हा वेगळा कागद, तो शेतीचा खातेउतारा. नाव सारखं असल्यामुळे एकाच्या जागी दुसरा जोडला जातो आणि प्रकरण तिथेच अडतं. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत आता मिळकत पत्रिका मिळते. ती निघाली असेल तर तीच जोडा, आणि तिच्यावरचं क्षेत्रफळ प्रत्यक्ष जागेशी जुळतं का ते आधी टेपने बघा. सामाईक भिंत, पिढ्यान्पिढ्या वापरातलं अंगण, मागची बोळ अशा जागी फरक निघतो. तो घर बांधायच्या आधी निस्तरणं सोपं जातं.

लेआऊटचा प्लॉट घेताना जाहिरातीवरच्या 'एनएटीपी', म्हणजे अकृषक आणि नगररचना मंजूर, या अक्षरांवर थांबू नका. अकृषक आदेशाची प्रत आणि नगररचनेने मंजूर केलेला लेआऊट नकाशा, दोन्ही हातात घ्या. त्या नकाशात तुमचा प्लॉट क्रमांक शोधा, समोरचा रस्ता किती मीटरचा दाखवलाय ते वाचा आणि जागेवर तेवढा रस्ता आहे का ते मोजा. नकाशावर ९ मीटर आणि जागेवर ६ मीटर असेल तर कमी पडलेले ३ मीटर कोणाच्या तरी प्लॉटमध्ये गेलेले आहेत. लेआऊटची मोकळी जागा प्लॉट पाडून विकल्याचे प्रकारही होतात. तिथे बांधलेलं घर पुढे कुठल्याच वाटेने नियमित होत नाही. नुसत्या नोटरीवर किंवा स्टॅम्पपेपरवर घेतलेल्या तुकड्याला कोणीही परवानगी देणार नाही.

वावरात घर बांधायचं तर प्रश्न उपयोगाचा असतो. शेतीसाठीचं घर, कोठा, अवजारांची खोली ही जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४१ प्रमाणे शेतीची इमारत ठरते. नियमावलीत फार्महाऊससाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकर, जमीन लागते. राहायचं घर, दुकान, गोदाम असा बिगरशेती वापर असेल तर आधी जमीन अकृषक व्हावी लागते. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत जमीन असेल आणि प्रादेशिक योजनेत तिला तो वापर दाखवला असेल, तर कलम ४२-ड प्रमाणे ती अकृषक झाल्याचं मानलं जातं. पण 'मानलं जातं' म्हणजे आपोआप कागद येतो असं नाही. तहसीलमध्ये अर्ज करून आज लागू असेल ते शुल्क भरायचं आणि लेखी घ्यायचं. २०० मीटर मोजायचे ते गावठाणाच्या नकाशातल्या हद्दीपासून. गावातल्या शेवटच्या घरापासून मोजलेलं अंतर चालत नाही, कारण शेवटची घरं बऱ्याचदा स्वतःच गावठाणाच्या बाहेर असतात.

आता विदर्भाची खास अडचण. सातबाराच्या इतर हक्कात किंवा जुन्या नोंदीत पुढचे शब्द दिसले तर एक पैसाही खर्च करू नका, आधी तहसीलमधून लेखी उत्तर घ्या.

झुडपी जंगल: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या या जमिनी वनच आहेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांचा विचार वेगळा आहे. त्यानंतर वाटलेल्या जागेवर गावातली चार घरं उभी आहेत म्हणून पाचवं सुरक्षित होत नाही.

भूदान: विदर्भ मध्य प्रदेशात होता त्या काळातला १९५३ चा भूदान कायदा इथे लागू झाला होता. दानात मिळालेली जमीन मोकळेपणाने विकता येत नाही. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, आणि आदिवासी खातेदाराची जमीन, जिच्यावर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ आणि ३६-अ चे निर्बंध आहेत, यांचंही तसंच. वणी, चंद्रपूर, उमरेडच्या पट्ट्यात कोळसा खाणीसाठी अधिसूचना निघाली आहे का ते बघा. मेळघाट, ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर यांच्या कडेच्या गावांत पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची हद्द बघा. पूर्व विदर्भात मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या बुडिताखालची जमीन उन्हाळ्यात छान सपाट दिसते. एप्रिलमध्ये सौदा करू नका.

मोजणी, आणि ती खरंच वाचणं

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज होतो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, फी वेगळी. मोजणीच्या दिवशी चारही बाजूंचे शेजारी हजर असू द्या. नोटीस गेली तरी माणूस येतोच असं नाही, म्हणून स्वतः जाऊन सांगा. खुणा दाखवल्यावर त्याच दिवशी दगड किंवा सिमेंटचे खांब गाडा. चुन्याची खूण पहिल्या पावसात जाते.

हातात येणाऱ्या 'क' प्रतीवर तीन गोष्टी तपासा: प्रत्येक बाजूची लांबी, उत्तर दिशेचा बाण आणि वहिवाट हद्दीच्या आत आहे की बाहेर. तुमचं कुंपण शेजाऱ्याच्या धुऱ्यावर दोन फूट चढलं असेल तर घर कुंपणापासून मोजू नका, मोजणीच्या हद्दीपासून मोजा. पांदण लागून असेल तर गावनकाशातली तिची रुंदी धरायची. गाडीमार्ग साधारण साडेसोळा ते एकवीस फुटांचा असतो. आज त्यावरून फक्त बैलबंडी जाते म्हणून तो आठ फुटांचा होत नाही.

न बांधण्याच्या रेषा

एक मोठा कागद घ्या, हद्द काढा आणि एकेक रेषा आत ओढत जा. लेखातला हा भाग सावकाश वाचा, पैसा इथेच बुडतो.

रस्ता. गावातून जाणारा रस्ता ग्रामपंचायतीचा आहे, जिल्हा परिषदेचा आहे, सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे की राष्ट्रीय महामार्ग, हे आधी ठरवा. राष्ट्रीय महामार्गावर मोकळ्या भागात रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा धरतात. इमारत रेषेच्या आत बांधकाम नाही. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात रस्ते यंत्रणेची परवानगी लागते. राज्यमार्ग आणि जिल्हा मार्गांची अंतरं वेगळी आहेत, ती बांधकाम उपविभागातून लेखी घ्या. ही अंतरं डांबराच्या कडेपासून नसतात, मध्यापासून असतात. एकाच बाजूने रुंदीकरण झालं असेल तर डांबराचा मध्य आणि रस्त्याच्या जागेचा मध्य वेगळे असतात. मग दोन्हीकडचे हद्दीचे दगड शोधून त्यांच्यामधलं अंतर अर्धं करावं लागतं.

गावठाणातल्या अरुंद गल्लीचा हिशोब निराळा. साडेचार मीटरपेक्षा अरुंद गल्लीत मध्यरेषेपासून २.२५ मीटर सोडावे लागतात. गल्ली ३ मीटरची असेल तर मध्यापासून तुमच्या हद्दीपर्यंत दीड मीटर आहे, म्हणजे तुम्ही आत ०.७५ मीटर, अडीच फूट, सरकायचं. जुनं घर पाडून त्याच जोत्यावर नवं उभं करताना हे विसरलं जातं. जुनी भिंत तिथे होती हे कारण चालत नाही. पाडलं की नवीन नियम लागू.

विजेची तार. उघड्या तारेपासून इमारतीचं अंतर ठरलेलं आहे. कमी दाबाच्या लाइनपासून वर २.५ मीटर आणि बाजूला १.२ मीटर. ११ केव्हीपर्यंत वर ३.७ आणि बाजूला १.२. ११ ते ३३ केव्हीला वर ३.७ आणि बाजूला २ मीटर. हे अंतर घराच्या सगळ्यात बाहेर आलेल्या भागापासून मोजायचं, म्हणजे छज्जा, गॅलरी, गच्चीचा कठडा. आज तळमजलाच बांधायचा आहे म्हणून तार लांब वाटते. वरचा मजला चढल्यावर स्लॅबची सळई आणि ११ केव्हीची तार यांच्यात हातभर अंतर उरतं, आणि सेंट्रिंगवाला सळई उभी करतो. माणसं अशीच जातात. लाइन सरकवायची असेल तर वीज कंपनीकडे अर्ज करून खर्च भरून घराआधी सरकवा.

पाणी. नदीकाठच्या गावांत जलसंपदा विभागाच्या पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात घर नाही. निळी ते लाल यामध्ये अटींवर, आणि जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर. पूररेषा आखलेली नसेल तर गावातल्या जुन्या विहिरीवर, मंदिराच्या पायरीवर पुराच्या खुणा असतात. त्या पातळीपासून तुमच्या जागेपर्यंत लेव्हल पाइप लावून फरक काढा. नाला कोरडा आहे, शेजाऱ्याने बुजवलाय, हे नाल्याला मान्य नसतं.

रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत असाल तर रेल्वेचं ना-हरकत लागेल.

शेवटी स्वतःच्या प्लॉटमधली सोडायची जागा. एक उदाहरण पूर्ण सोडवून बघा. प्लॉट ३० बाय ५० फूट, म्हणजे ९.१४ बाय १५.२४ मीटर, क्षेत्र सुमारे १३९ चौरस मीटर. समजा लागू अंतरं समोर ३ मीटर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना दीड मीटर अशी आहेत. रुंदीतून ३ मीटर गेले, उरले ६.१४. खोलीतून साडेचार गेले, उरले १०.७४. घराचा ठसा झाला सुमारे ६६ चौरस मीटर, साधारण ७१० चौरस फूट. गावठाणाबाहेर मूळ चटई निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१ धरला तर एकूण बांधकाम १५३ चौरस मीटर चालतं. म्हणजे तळमजला आणि पहिला मजला मिळून १३२ चौरस मीटर आरामात बसतात, पण एकाच मजल्यावर १२०० फूट बसत नाहीत. कुटुंबात हे आकडे पहिल्या दिवशी सांगा. 'सगळं खालीच पाहिजे' या हट्टातून बाजूची मोकळी जागा खाल्ली जाते. ती एकदा गेली की पावसाचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर, संडासाची टाकी उपसायला वाट नाही आणि शेजारीही तसाच बांधला तर मधल्या खोल्यांना दिवसा दिवा.

मोकळ्या जागेत काय येऊ शकतं हेही ठरलेलं आहे. जिना, बाथरूम, पंपाची खोली 'थोडीशीच' म्हणून तिथे सरकवली जाते. नकाशा नाकारला जाण्याचं हे नेहमीचं कारण. रस्त्याकडची कुंपणाची भिंत दीड मीटरपर्यंत. वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत जाते. फाटक आत उघडणारं करा. ओटा आणि गाडी चढवायचा उतार हद्दीच्या आतच संपू द्या, नाहीतर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ प्रमाणे ते रस्त्यावरचं अतिक्रमण.

नकाशाच्या कागदावर काय असतं

जागेचा नकाशा १:५०० प्रमाणात, घराचा १:१०० प्रमाणात. जागेच्या नकाशात चारही बाजूंची मापं, शेजारचे गट किंवा प्लॉट क्रमांक, रस्त्याचं नाव आणि रुंदी, उत्तर दिशा, विहीर, बोर, झाडं, विजेचे खांब, जमिनीचा उतार, पाणी निघायची दिशा, संडासाची टाकी आणि शोषखड्डा. रंगांची भाषा ठरलेली आहे. प्लॉटची हद्द जाड काळी, अस्तित्वातला रस्ता हिरवा, प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचा भाग पिवळा, सांडपाण्याची नळी लाल तुटक, पाण्याची नळी काळी तुटक. जुन्या घराचा काही भाग ठेवून काही पाडत असाल तर पिवळा रंग विसरू नका. तो दिसला नाही तर जुनं आणि नवं दोन्ही मिळून क्षेत्र मोजलं जातं आणि निर्देशांक ओलांडल्याचा शेरा येतो.

घराच्या नकाशात प्रत्येक मजला, एक उभा छेद आणि समोरचं दर्शन. छेद जिन्यातून आणि संडासातून जाऊ द्या, कारण उंची आणि पातळ्या तिथेच कळतात. राहायच्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर. जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ३० सेंटिमीटर असावं असा नियम आहे, पण विदर्भातल्या गावात रस्ता दर काही वर्षांनी वर येतो. नवीन काँक्रीट जुन्यावरच पडतं. त्यामुळे रस्त्याच्या मध्यापासून दोन-अडीच फूट जोतं धरा. जिन्याची पायरी २५ सेंटिमीटर रुंद आणि १९ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. म्हाताऱ्या माणसाला १७ चांगली.

काळ्या मातीत पाया

नियमावली तुम्हाला कुठे बांधायचं ते सांगते. पश्चिम विदर्भात कसं टिकेल हे काळी माती ठरवते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. मे महिन्यात वावरात पाय जाईल एवढ्या भेगा दिसतात, तीच हालचाल घराखाली होते. घराच्या मधल्या भागाखालची माती झाकलेली राहते, कडेची मात्र ओली-सुकी होत राहते. म्हणून कोपरे वरखाली होतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. भेग वर रुंद आणि खाली बारीक असेल तर कोपरा खचतोय असं समजा.

प्लॉटच्या दोन टोकांना दोन खड्डे खणून बघा. मुरूम पाच-सहा फुटांत लागला तर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पायाचा रुंद तळ, मुरमात एक फूट आत नेऊन बसवा. काळ्या मातीत मधेच थांबू नका, खड्डा 'घट्ट लागला' हे उन्हाळ्यात काळ्या मातीबद्दलही वाटतं. मुरूम खूप खाली असेल, पूर्णेच्या खोऱ्यात असतोच, तर खाली फुगा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, वापरतात. त्यांची खोली किमान साडेतीन मीटर, कारण तेवढ्या खोलीपर्यंत ऋतूप्रमाणे ओलावा बदलतो. फुगा दांड्याच्या व्यासाच्या अडीच पट. प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवरची आडवी तुळई, आणि जमीन यांच्यात थोडी पोकळी ठेवा, म्हणजे फुगलेली माती बीमला वर ढकलणार नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक भरावाची. खोदलेली काळी माती समोरच पडलेली असते, फुकट असते, मिस्त्री तीच जोत्यात ढकलतो. दोन पावसाळ्यांनी फरशी मधून उचलली जाते, दारं घासायला लागतात. जोत्यात मुरूमच भरा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. घराभोवती अडीच-तीन फुटांची काँक्रीटची पट्टी बाहेर उताराने काढा. न्हाणीचं पाणी, कूलरचं पाणी, नळाची गळती भिंतीच्या मुळाशी मुरू देऊ नका. भिंतीला खेटून वड, पिंपळ, निलगिरी लावू नका. मुळं मातीतलं पाणी ओढतात आणि ती बाजू आकसते.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या भागात, बोरचं पाणी काँक्रीटला वापरण्याआधी तपासा. सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइड एका लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत, सल्फेट ४०० च्या आत आणि पीएच ६ पेक्षा कमी नको. क्लोराइडची मर्यादा साध्या काँक्रीटला २००० आहे, हा आकडा सळईला लावू नका. खाऱ्या पाण्याने काम तर होतं, पण सळई आतून गंजते, गंजली की फुगते आणि काही वर्षांनी स्लॅबखालून पापुद्रे पडतात. तेवढ्यापुरतं टँकरचं गोडं पाणी स्वस्त पडतं. क्युरिंग नेहमी किमान सात दिवस, आपल्या उन्हाळ्यात दहा. स्लॅबवर वाफे करून पाणी तुंबवा आणि कॉलमला ओलं पोतं गुंडाळा. सकाळ-संध्याकाळ नुसता पाइप मारल्याने दुपारी दोनला काँक्रीट कोरडं ठणठणीत होतं.

ऊन धरून आराखडा

पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्रभर उष्णता सोडते. त्या बाजूला जिना, संडास, कोठी घ्या, झोपायच्या खोल्या नकोत. पश्चिमेला खिडकी ठेवायचीच असेल तर लहान, आणि वर अडीच फुटांचा छज्जा. उत्तर-दक्षिण समोरासमोर खिडक्या ठेवल्या तर रात्रीची झुळूक आरपार जाते. कूलर लावायचा तर हवा बाहेर पडायला दुसरी खिडकी लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. जुन्या घरांची ओसरी ही आपल्याकडची फार शहाणी गोष्ट आहे. शक्य असेल तर ती ठेवा. मोजणीत तिचं क्षेत्र धरलं जातं का, हे मात्र नकाशा काढणाऱ्याकडून आधी समजून घ्या. वरच्या मजल्यावर टिनपत्रे टाकणार असाल तर खाली हवेची पोकळी ठेवून आतून छत करा. कवेलूच्या छपराखाली ही पोकळी आपोआप मिळायची.

संडास आणि सांडपाणी

विहीर किंवा बोरपासून शोषखड्डा किमान पंधरा मीटर लांब ठेवा, आणि शेजाऱ्याची विहीरही मोजा. छोट्या प्लॉटवर सगळ्यात अडचणीचं माप हेच असतं, म्हणून जागेच्या नकाशात ते पहिल्यांदा बसवा. काळ्या मातीत शोषखड्डा नीट शोषत नाही. पावसाळ्यात तो भरून उलटा येतो. मुरमापर्यंत खोल नेला, भोवती विटांचे तुकडे आणि रेतीचा थर दिला तर चालतो. टाकीपर्यंत उपसणारं वाहन किंवा निदान त्याचा पाइप पोचेल अशी वाट ठेवा. पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर पावसाचं पाणी जिरवण्याची सोय नियमानेच लागते. लहान प्लॉटवरही छपराचं पाणी बोरशेजारी गाळून सोडा, पण पायापासून लांब.

फाइल कुठे जाते

गावठाणात परवानगी ग्रामपंचायतीची, अधिनियमाचं कलम ५२. ग्रामीण भागात ३०० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३२०० चौरस फुटांच्या, प्लॉटवर तळमजला अधिक दोन मजल्यांपर्यंतचं काम असेल तर नगररचनेची आगाऊ तपासणी लागत नाही. १५० चौरस मीटरपर्यंत मालकीचे कागद, मोजणी नकाशा, घराचा नकाशा, तो नियमावलीप्रमाणे असल्याचं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र आणि शुल्काची पावती एवढं देऊन काम सुरू करता येतं. १५० ते ३०० मध्ये शुल्क भरल्यावर ग्रामपंचायत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र देते. ते हातात आल्यावरच खोदा. त्याहून मोठं काम, व्यापारी इमारत किंवा गावठाणाबाहेरची जमीन असेल तर प्रकरण महसूल आणि नगररचना शाखेकडे जातं. नागपूरभोवतीच्या ७१९ गावांत नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण हेच नियोजन प्राधिकरण आहे. तिथे ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे परवानगी असं समजून बांधलेल्या अनेकांना नोटिसा गेल्या आहेत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. छोट्या प्लॉटला सवलत आहे ती तपासणीची. नियम सुटलेले नाहीत. अभियंत्याने सही केली आणि प्रत्यक्षात मोकळी जागा सोडली नाही, तर जबाबदारी त्याच्यावर येते आणि घर तुमचं अडकतं. सहीसाठी फक्त शिक्का देणारा माणूस निवडू नका, जागेवर येऊन टेप लावणारा निवडा.

खर्चात विकास शुल्क आणि कामगार कल्याण उपकर धरा. उपकर बांधकाम खर्चाच्या एक टक्का असतो. स्वतःला राहायला बांधलेलं, ठरावीक खर्चाच्या आतलं घर त्यातून वगळलेलं आहे, आजची मर्यादा विचारून घ्या. प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल असेल तर किमान २५ चौरस मीटर क्षेत्र, त्यात स्वयंपाकाची जागा धरून. घरकुल मंजूर झालं म्हणजे जागेची परवानगी मिळाली असं नाही, दोन्ही वेगळे कागद.

प्रारंभ प्रमाणपत्र एका वर्षाचं असतं. काम सुरू झालं नाही तर मुदत संपण्याआधी वाढवून घ्या, एकूण चार वर्षांपर्यंत.

जमिनीवर आखणी

मंजूर नकाशाची प्रत मिस्त्रीला द्या आणि त्याच्यासमोर मोजा. हद्दीच्या दगडांना दोरी बांधा, आत सोडायची अंतरं मोजून दुसरी दोरी. काटकोन सहा-आठ-दहाने तपासा: कोपऱ्यापासून एका बाजूला सहा फूट, दुसऱ्या बाजूला आठ फूट, दोन खुणांमधलं अंतर बरोबर दहा. मग घराचे दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही सारखे आले पाहिजेत. वरच्या उदाहरणातल्या घरात एका कर्णात सहा इंच फरक आला तर मागची भिंत शेजाऱ्याच्या बाजूला सरकते आणि दीड मीटरचं अंतर पुरं उरत नाही. फुटिंग भिंतीपेक्षा रुंद असतं, तेही हद्दीच्या बाहेर जाऊ नये. कडेच्या कॉलमला म्हणून एका बाजूला सरकलेलं फुटिंग लागतं. ते अभियंत्याने काढून द्यायचं, मिस्त्रीने अंदाजाने नाही.

जोतं झालं की थांबा. भिंत चढवण्याआधी अभियंत्याला बोलवून चारही बाजूंची अंतरं पुन्हा मोजून घ्या, जोत्याच्या तपासणीचा दाखला लिहून घ्या आणि प्रत्येक बाजूला टेप लावलेला फोटो काढा. या टप्प्यावर चूक सापडली तर चार रद्दे काढावे लागतात. स्लॅबनंतर सापडली तर कॉलम. मधेच खोली वाढवायची इच्छा झाली तर आधी सुधारित नकाशा, मग काम.

काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र घ्या, आणि ग्रामपंचायतीत नवीन आकारणी करून नमुना ८ वर बांधकामाचं खरं क्षेत्र चढवून घ्या. मंजूर नकाशा, 'क' प्रत, प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्याचा दाखला, शुल्काच्या पावत्या आणि पायाच्या सळईचे फोटो प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये एकत्र ठेवा, आणि एक संच त्या घरात न राहणाऱ्या नातेवाइकाकडे.